पीएसडीवरून सिग्नल उभा करताना: आयएफएफटीच्या आधीची आणि नंतरची कामं

प्रोजेक्टच्या मोसमात एक दृश्य ठरलेलं असतं. कुणाच्या तरी हातात समुद्राच्या लाटांच्या पीएसडीची (पॉवर स्पेक्ट्रल डेन्सिटीची) फाइल असते, आणि बार्जच्या किंवा जेटीच्या मॉडेलला द्यायला पाण्याची वरखाली हालचाल हवी असते. फाइलीतल्या आकड्यांचं वर्गमूळ काढून आयएफएफटी (वारंवारतांवरून वेळेनुसारचा सिग्नल बनवणारं उलटं फूरियर गणित) मारला जातो, आणि आलेख बघून सगळे गप्प होतात. पहिल्याच सेकंदाला दोना पावलाची जेटी गिळेल असा सुळका, आणि मग अर्धा तास करमळीच्या तळ्यासारखं निवांत पाणी.

चूक आयएफएफटीत नसते. ती त्याआधीच्या सात-आठ निर्णयांत असते आणि ते निर्णय बहुतेकांनी घेतलेलेच नसतात. म्हणून हा लेख बटण दाबण्यापेक्षा तयारीवर जास्त बोलतो. उदाहरण लाटांचं घेतलंय, कारण आमच्याकडे तेच काम पुन्हापुन्हा येतं. कंपन, आवाज किंवा व्होल्टेज असेल तरी पायऱ्या याच, फक्त मीटरच्या जागी तुमचं एकक घाला.

## पायरी ०: तुम्हाला नेमकं काय परत हवंय?

पीएसडी म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती शक्ती आहे याचा हिशेब. महिन्याच्या किराणा बिलावरून तांदूळ किती आले, नारळ किती फुटले ते कळतं. कुठल्या दिवशी काय शिजलं ते कळत नाही. हे ‘कधी’ फेजमध्ये, म्हणजे प्रत्येक लाट चक्रात कुठून सुरू होते त्या कोनात, असतं, आणि पीएसडी काढताना वर्ग केला की फेज जाते.

चवथीच्या आरतीतलं घुमट वाद्याचं रेकॉर्डिंग घ्या. ते शेवटाकडून सुरुवातीकडे उलटं वाजवा. सगळ्या आकड्यांची चिन्हं बदला. शेवटचे दहा सेकंद कापून पुढे जोडा. संपूर्ण रेकॉर्डिंगची एकदाच, विंडो (तुकड्याच्या कडा दाबणारा भार) न लावता पीएसडी काढलीत, तर चारही वेळा ती तीच येते. कानाला मात्र उलटं घुमट लगेच कळतं. तेव्हा ‘पीएसडीवरून सिग्नल परत मिळवणे’ या शब्दांत तीन वेगवेगळी कामं दडलेली असतात:

(क) त्याच पीएसडीचा एखादा सिग्नल हवा आहे, मूळचाच असण्याची गरज नाही. लाटा, कंपन-चाचणी, नॉइज यांत दहापैकी नऊ वेळा हेच हवं असतं.

(ख) त्या पीएसडीचा नॉइज तयार करणारा फिल्टर हवा आहे.

(ग) मूळचा, अगदी तोच सिग्नल हवा आहे.

(ग) हे काम फक्त पीएसडीवरून होत नाही. जास्तीची काहीतरी माहिती लागतेच. पीएसडीवरून पूर्णपणे आणि एकमेव अशी परत मिळणारी गोष्ट म्हणजे ऑटोकोरिलेशन, म्हणजे सिग्नल स्वतःच्याच सरकवलेल्या प्रतीशी किती जुळतो ते. पीएसडीचा उलटा फूरियर घेतला की तेच येतं. पुष्कळ जण तोच निकाल ‘सिग्नल’ समजून अहवालात छापतात.

तपासा: तुमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर क, ख की ग ते एका वाक्यात लिहिता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

पुढच्या पायऱ्या (क) साठी आहेत. (ख) आणि (ग) बद्दल शेवटी थोडक्यात.

## पायरी १: फाइलीची कुंडली मांडा

आकडे हातात घेण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. ज्याने फाइल दिली त्याला विचारा, अंदाज बांधू नका.

एकक काय? लाटांसाठी ‘चौरस मीटर प्रति हर्ट्झ’ असेल तर ती घनता. नुसतं ‘चौरस मीटर’ असेल तर तो पॉवर स्पेक्ट्रम, म्हणजे प्रत्येक पट्टीतली (वारंवारतेच्या छोट्या टप्प्यातली) शक्ती. पायथनच्या सायपायमध्ये दोन्ही एकाच फंक्शनमधून निघतात, ‘स्केलिंग’ हा एक पर्याय बदलला की झालं. पॉवर स्पेक्ट्रमची घनता करायला प्रत्येक आकडा पट्टीच्या रुंदीने आणि विंडोच्या समतुल्य रुंदीने भागावा लागतो. ही समतुल्य रुंदी हॅन विंडोसाठी १.५ पट्ट्या, हॅमिंगसाठी सुमारे १.३६ आणि साध्या चौकोनी विंडोसाठी १.

एकतर्फी की दुतर्फी? एकतर्फी म्हणजे ऋण वारंवारतांची शक्ती धन बाजूवर चढवून दुप्पट केलेली. शून्य आणि नायक्विस्ट (सॅम्पलिंग वारंवारतेच्या निम्मी) या दोन पट्ट्या मात्र दुप्पट केलेल्या नसतात. प्रत्यक्ष मोजमापाच्या फायली बहुतेक एकतर्फी असतात, तर सैद्धांतिक सूत्रं पुष्कळदा दुतर्फी.

हर्ट्झ की रेडियन? लाटांची प्रमाणित सूत्रं पुस्तकांत अनेकदा कोनीय वारंवारतेत दिलेली असतात. आडवा अक्ष रेडियनमधून हर्ट्झमध्ये नेला की उभा अक्षही ६.२८ ने गुणावा लागतो, नाहीतर क्षेत्रफळ बदलतं. मॅटलॅबच्या पीवेल्चला (पीएसडी काढणारं फंक्शन) सॅम्पलिंग वारंवारता (सेकंदाला किती नमुने) दिली नाही, तर तो घनता ‘रेडियन प्रति नमुना’ या हिशेबाने देतो. आडव्या अक्षावर शेवटचा आकडा ३.१४ दिसला की समजा हेच घडलंय.

डेसिबल आहे का? पीएसडी शक्तीची आहे, म्हणून उलटताना डेसिबलला १० ने भागून १० चा घात घ्या. २० ने भागलंत तर तुम्ही नकळत वर्गमूळ घेतलंत, आणि पुढे पुन्हा एकदा घ्याल.

किती तुकड्यांची सरासरी? लाटा मोजणाऱ्या वेव्हरायडर बॉयचं एक जुनं, सर्रास वापरलं जाणारं मॉडेल सेकंदाला १.२८ नमुने देतं. अर्ध्या तासात २०० सेकंदांचे, म्हणजे प्रत्येकी २५६ नमुन्यांचे आठ तुकडे घेऊन त्यांच्या स्पेक्ट्रमची सरासरी होते. आठ स्वतंत्र तुकड्यांच्या सरासरीत प्रत्येक आकड्याची अनिश्चितता सुमारे ३५ टक्के राहते. तेव्हा फाइलीतलं प्रत्येक बारीक टोक खरं मानून त्याच्यामागे धावू नका.

सावधान: याच बॉयच्या फाइलीत ०.१ हर्ट्झपर्यंत पट्ट्या ०.००५ हर्ट्झ रुंद आणि त्यापुढे ०.५८ पर्यंत ०.०१ हर्ट्झ रुंद असतात. सगळ्यांना एकच रुंदी लावलीत तर वाऱ्याच्या आखूड लाटांची निम्मी शक्ती जागच्या जागी गायब.

## पायरी २: क्षेत्रफळ काढून भिंतीवर चिकटवा

प्रत्येक पट्टीची घनता गुणिले *तिची स्वतःची* रुंदी. सगळ्यांची बेरीज. ही बेरीज म्हणजे सिग्नलचा व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी), आणि तिचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. लाटांच्या बाबतीत त्या वर्गमुळाला ४ ने गुणलं की लक्षणीय लाट-उंची मिळते.

समजा बेरीज ०.३६ चौरस मीटर आली. प्रमाण विचलन ०.६ मीटर, लक्षणीय उंची २.४ मीटर. हा आकडा ऐकून तुमच्या मनात काहीतरी यायला हवं. जुलैत, ट्रॉलर धक्क्याला बांधलेले असताना, खुल्या समुद्रात २.४ मीटर चालेल. जानेवारीच्या शांत सकाळी मुरगावच्या बाहेर तेवढी येत असेल तर फाइल, एकक किंवा तुम्ही, तिघांपैकी कुणीतरी चुकलंय.

हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. का, कळत नाही. पाच ओळींचं काम आहे. आणि पुढे निकाल चुकला की पडताळायला हातात असतो तो हाच आकडा.

तपासा: एकतर्फी-दुतर्फीचा गोंधळ झाला असेल तर २.४ ऐवजी १.७ किंवा ३.४ येईल. हर्ट्झ-रेडियनचा असेल तर जवळजवळ १ किंवा ६ मीटर.

## पायरी ३: किती वेळ, किती नमुने

आता तुमच्या सिग्नलचा कालावधी ठरवा. सॅम्पलिंग वारंवारता हातात असतेच, म्हणून पहिला मान कालावधीचा. त्यावरून पट्टीची नवी रुंदी आपोआप ठरते: १ भागिले एकूण सेकंद. ३० मिनिटं हवीत म्हणजे १८०० सेकंद, म्हणजे रुंदी १/१८०० = ०.०००५५६ हर्ट्झ. १.२८ च्या सॅम्पलिंगला नमुने झाले २३०४.

फाइलीतली ०.००५ ची रुंदी जशीच्या तशी वापरलीत तर सिग्नल २०० सेकंदांनी हुबेहूब तोच पुन्हा सुरू होतो. हा धडा मी अंगावर घेऊन शिकलो. एका बार्जच्या दोरखंडाचा ताण काढायला २०० सेकंदांचा सिग्नल नऊ वेळा जोडून अर्धा तास केला होता. ताणाचा आलेख छापखान्यातून निघालेल्या वॉलपेपरसारखा, नऊ एकसारखे डोंगर. मी त्यात दोन दिवस ‘अनुनाद’ शोधत बसलो.

मॉडेलला सेकंदाला १० नमुने हवे असतील तर कालावधी तोच ठेवा, वरच्या वारंवारतांना शून्य भरा, आणि नमुन्यांची संख्या १८,००० धरा. पायरी ७ च्या सूत्रात हीच नवी संख्या जाते. जुनी २३०४ तिथे विसरून राहते आणि लाटा आठपट बुटक्या निघतात.

आयएफएफटीचा सिग्नल वर्तुळाकार असतो, शेवट सुरुवातीला जुळतो. त्याचा त्रास होणार असेल तर गरजेपेक्षा थोडा लांब बनवा आणि कापा.

## पायरी ४: घनता नव्या पट्ट्यांवर पसरा

जुन्या पट्ट्यांच्या *मध्यबिंदूंवरून* नव्या वारंवारतांवर सरळ रेषेने अंतर्वेशन करा, म्हणजे दोन आकड्यांच्या मधले आकडे काढा. मोजमापाच्या कक्षेबाहेर, म्हणजे इथे ०.०२५ च्या खाली आणि ०.५८ च्या वर, शून्य. काही फंक्शनं कडेचा शेवटचा आकडा तसाच पुढे ताणतात. मग ०.५८ पासून नायक्विस्टच्या ०.६४ पर्यंत नसलेल्या लाटा तयार होतात.

अंतर्वेशन घनतेवर करायचं असतं. ॲम्प्लिट्यूड (लाटेची मध्यापासून शिखरापर्यंतची उंची) आधी काढून तिच्यावर करू नका, कारण ॲम्प्लिट्यूड पट्टीच्या रुंदीवर अवलंबून असते.

तपासा: नव्या पट्ट्यांवर क्षेत्रफळ पुन्हा काढा. पायरी २ च्या आकड्यापासून एक-दोन टक्के फरक चालेल. तेवढ्यासाठी सगळ्या घनतेला एका गुणकाने नीट करता येतं. फरक ३० टक्के असेल तर गुणक मारून झाकू नका, वर जाऊन चूक शोधा.

## पायरी ५: ॲम्प्लिट्यूड

एकतर्फी घनतेसाठी प्रत्येक पट्टीतल्या कोसाइन लाटेची ॲम्प्लिट्यूड:

ॲम्प्लिट्यूड = √(२ × घनता × पट्टीची रुंदी)

२ कुठून आला? कोसाइनचा व्हेरियन्स ॲम्प्लिट्यूडच्या वर्गाच्या निम्मा असतो, एवढंच. दुतर्फी घनता असेल तर या २ च्या जागी ४ येतो.

रुंदीचं महत्त्व एका उदाहरणात दिसतं. ०.०८ हर्ट्झला, म्हणजे १२.५ सेकंदांच्या लाटेला, घनता ८ चौरस मीटर प्रति हर्ट्झ आहे. रुंदी ०.००५ असेल तर ॲम्प्लिट्यूड २८ सेंटिमीटर. रुंदी १/१८०० असेल तर ९.४ सेंटिमीटर. समुद्र तोच आहे, आपण फक्त तीच शक्ती नऊ बारक्या लाटांत वाटली. म्हणूनच ‘पीएसडीचं वर्गमूळ म्हणजे ॲम्प्लिट्यूड’ हे वाक्य वहीतून खोडून टाका.

आता एक निर्णय. ही ॲम्प्लिट्यूड ठाम ठेवायची की तीही यादृच्छिक घ्यायची? ठाम ठेवली तर प्रत्येक वेळी बनवलेल्या सिग्नलचा व्हेरियन्स अगदी तोच येतो. खरा समुद्र असा वागत नाही. त्याच हवामानातली दोन अर्ध्या तासांची मोजमापं थोडी वेगळी निघतात. टकर, चॅलेनॉर आणि कार्टर यांनी १९८४ साली नेमकं हेच दाखवलं: ठाम ॲम्प्लिट्यूडमुळे लाटांच्या झुंडींची आकडेवारी बिघडू शकते. बांधलेली बार्ज या झुंडींनाच हळूहळू झोके घेते, म्हणून तिथे हा प्रश्न किरकोळ नाही.

यादृच्छिक हवी असेल तर प्रत्येक पट्टीसाठी दोन स्वतंत्र नॉर्मल आकडे काढा, दोन्हींचा व्हेरियन्स ‘घनता × रुंदी’. एक कोसाइनचा गुणक, दुसरा साइनचा. फेज त्यातूनच आपसूक येते, पायरी ६ लागत नाही.

माझं मत: प्रोग्रॅम बरोबर आहे का हे बघायला ठाम ॲम्प्लिट्यूड, अंतिम निकालाला यादृच्छिक, आणि तेही एकच नव्हे तर निदान दहा-वीस सिग्नल बनवून.

## पायरी ६: फेज

प्रत्येक पट्टीला ० ते ३६० अंशांमध्ये समान शक्यतेची, एकमेकींशी संबंध नसलेली फेज द्या. इथल्या दोन चुका नेहमीच्या.

पहिली, सगळ्या फेज शून्य. मग सगळ्या कोसाइनची शिखरं पहिल्याच क्षणी एकावर एक चढतात. सुरुवातीला सांगितलेला सुळका तो हाच.

दुसरी जास्त लबाड: फेज ० ते १८० मध्येच काढणे. रेडियनमध्ये ० ते ३.१४ लिहिलं की झाली. सगळ्या लाटा अर्ध्या वर्तुळातच राहतात, सुरुवातीला आणि शेवटाला मोठी उसळी येते, मधला भाग मात्र ठीकठाक दिसतो. पीएसडी तपासलीत तर अचूक! फेजची चूक पीएसडीला दिसतच नाही.

यादृच्छिक आकड्यांचं बीज लिहून ठेवा. परीक्षकाने ‘हाच आलेख पुन्हा काढा’ म्हटल्यावर घाम फुटणार नाही.

## पायरी ७: आकडे मांडा, मग आयएफएफटी

बहुतेक सॉफ्टवेअरचा आयएफएफटी बेरजेला नमुन्यांच्या संख्येने भागतो. म्हणून मांडायचा संमिश्र आकडा असा:

परिमाण = नमुन्यांची संख्या × ॲम्प्लिट्यूड ÷ २, आणि कोन = फेज

शून्य वारंवारतेला शून्य ठेवा, सरासरी हवी असेल तर शेवटी मिळवा. नायक्विस्टचा आकडा वास्तव असावा लागतो. आपल्या उदाहरणात तिथे घनता शून्यच आहे, त्यामुळे प्रश्न मिटला. उरलेल्या अर्ध्या भागात आरशासारखी प्रतिमा, कोनाचं चिन्ह उलटं.

ही प्रतिमा हाताने मांडण्यात मॅटलॅबवाले एका जागेने सरकतात, कारण तिथे मोजणी १ पासून सुरू होते आणि शून्य वारंवारता पहिल्या खणात असते. पायथनच्या नमपायमध्ये आयआरएफएफटी वापरा. अर्धाच भाग द्यायचा, प्रतिमा तो स्वतः धरतो. फक्त नमुन्यांची संख्या त्याला स्पष्ट सांगा. नाहीतर तो ती सम धरतो, आणि तुमची विषम असेल तर एक नमुना हरवतो आणि सगळ्या वारंवारता किंचित सरकतात.

तपासा: पूर्ण आयएफएफटी वापरला असेल तर काल्पनिक भाग बघा. सर्वात मोठा आकडा वास्तव भागाच्या तुलनेत नगण्य, पंधराव्या दशांशाच्या आसपास हवा. तिथे दिसण्याजोगं काही असेल तर प्रतिमा चुकलीय. ‘वास्तव भाग घ्या’ म्हणून पुढे जाणं म्हणजे गळत्या होडीत रंग देणं.

### कोरडी तालीम

खरी फाइल घालण्याआधी हा प्रयोग कराच. १.२८ सॅम्पलिंग, २५६ नमुने, रुंदी ०.००५. सगळी घनता शून्य, फक्त शून्य वारंवारतेनंतरच्या सोळाव्या पट्टीत, म्हणजे ०.०८ हर्ट्झला, १०० चौरस मीटर प्रति हर्ट्झ. गणित डोक्यात होतं: १०० × ०.००५ = ०.५, दुप्पट १, वर्गमूळ १.

म्हणजे बरोबर १ मीटर ॲम्प्लिट्यूडची, १२.५ सेकंदांची, २०० सेकंदांत १६ शिखरांची स्वच्छ लाट दिसली पाहिजे. मांडलेल्या आकड्याचं परिमाण १२८, आणि व्हेरियन्स ०.५. यात अर्धा मीटर किंवा दोन मीटर दिसले, शिखरं १५ किंवा १७ निघाली, तर खऱ्या फाइलीला हात लावू नका. इथे सापडणारी चूक दहा मिनिटांत सुटते, खऱ्या फाइलीत तीच आठवडा खाते.

## पायरी ८: निकालाची झडती

क्रमाने तीन गोष्टी.

*व्हेरियन्स.* पायरी २ मध्ये भिंतीवर चिकटवलेल्या आकड्याशी जुळवा. ठाम ॲम्प्लिट्यूड असेल तर फरक पायरी ४ इतकाच यायला हवा.

*पीएसडी.* आधी संपूर्ण सिग्नलची, चौकोनी विंडोची, सरासरी न घेता. ठाम ॲम्प्लिट्यूडच्या वेळी ती दिलेल्या घनतेवर तंतोतंत बसते. मग वेल्च पद्धतीने, म्हणजे तुकडे करून आणि त्यांच्या पीएसडींची सरासरी घेऊन, काढा. ती थोडी हेलकावे खाणार आणि टोक जरा रुंद, जरा बुटकं दिसणार. हा दोष सिग्नलचा नाही. सायपायचा वेल्च मुळातच हॅन विंडो, २५६ चे तुकडे आणि निम्मी ओव्हरलॅप धरतो, आणि मॅटलॅबचा पीवेल्च हॅमिंग विंडोचे आठ तुकडे करतो. दोन मित्रांचे आलेख न जुळण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

*डोळे.* आलेखाचे सहा समान भाग करा आणि एकाखाली एक लावा. कुठलाही भाग उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला तरी कळू नये. कडेला उसळी असेल तर फेज. सगळे भाग हुबेहूब असतील तर कालावधी.

### व्हेरियन्सच्या गुणोत्तरावरून निदान

बनवलेल्याचा व्हेरियन्स भागिले हवा असलेला:

- २ किंवा ०.५: एकतर्फी-दुतर्फी
- ०.२५: आरशातली प्रतिमा मांडलीच नाही आणि वास्तव भाग घेऊन मोकळे झालात
- ४: सूत्रातलं ‘÷ २’ विसरलात
- ६.२८ किंवा ०.१६: हर्ट्झ-रेडियन
- १.५: हॅन विंडोच्या पॉवर स्पेक्ट्रमचे आकडे थेट बेरजेत घेतले
- लाखात एकापेक्षाही लहान: नमुन्यांच्या संख्येने गुणलंच नाही. २३०४ चा वर्ग सुमारे ५३ लाख होतो, तेवढीच घसरण दिसेल
- १, पण टोक एका पट्टीने सरकलेलं: खणांची मोजणी

## जिथे सगळं बरोबर करूनही निकाल खोटा ठरतो

गोव्यात एप्रिलमध्ये सकाळी पाणी संथ असतं, दूरवरून नैर्ऋत्येकडून आलेले लांब उल्लोळ तेवढे हलत असतात. दुपार झाली की खारा वारा सुटतो, काही सेकंदांच्या आखूड लाटा उठतात, रात्री वारा पडला की त्याही बसतात. मिरामारला संध्याकाळी फिरणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं, आणि दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यासही केलाय.

आता चोवीस तासांची एकच सरासरी पीएसडी घ्या. तिला दोन टोकं दिसतील, एक उल्लोळाचं, एक वाऱ्याच्या लाटांचं. तिच्यावरून वरच्या सगळ्या पायऱ्या बिनचूक करून सिग्नल बनवा. पहाटे पाचलाही आखूड लाटा दिसतील आणि दुपारी तीनला त्या हव्या त्यापेक्षा कमी असतील. यादृच्छिक फेजची पद्धत गृहीत धरते की पूर्ण कालावधीत समुद्राचा स्वभाव एकच आहे. तो एकच नव्हता.

उपाय: अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पीएसडी घ्या, प्रत्येकीचा वेगळा सिग्नल बनवा, आणि शेजारच्यांना थोडं एकमेकांवर चढवून जोडा. जोडताना एकाचा भार सरळ रेषेत कमी आणि दुसऱ्याचा सरळ रेषेत जास्त केलात तर मध्यावर व्हेरियन्स निम्मा होतो, कारण दोन्ही सिग्नल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. भार कोसाइन आणि साइनच्या वक्राने द्या, म्हणजे दोघांच्या वर्गांची बेरीज कायम १ राहते.

दुसरी मर्यादा उथळ पाण्याची. किनाऱ्याजवळ लाटेचं शिखर टोकदार आणि दरी पसरट होते. या पद्धतीचा सिग्नल वरखाली सारखाच असतो. लाट फुटते त्या पट्ट्यातल्या बांधकामासाठी तो थेट वापरू नका. खोल पाण्यात बनवा आणि किनाऱ्यापर्यंत आणायला वेगळं मॉडेल लावा.

## (ख) फिल्टर हवा असेल तर

तासन्तास चालणारा नॉइज हवा असेल तर आयएफएफटीपेक्षा फिल्टर बरा. सोपा मार्ग: पीएसडीवरून ऑटोकोरिलेशन काढा, त्यावरून यूल-वॉकर समीकरणं सोडवून काही गुणक मिळवा, आणि त्या फिल्टरमधून पांढरा नॉइज (सगळ्या वारंवारतांना सारखी शक्ती असलेला) सोडा. लाटांसारखं टोकदार स्पेक्ट्रम असेल तर गुणक जास्त लागतात. पहिले काहीशे नमुने फेकून द्या, फिल्टर तोवर स्थिरावत असतो.

दुसरा मार्ग किमान फेजचा. दुतर्फी पीएसडीचा लॉगरिदम घेऊन निम्मा करा, आयएफएफटी घ्या, पहिला गुणक तसाच, धन बाजूचे दुप्पट, ऋण बाजूचे शून्य, मग एफएफटी आणि घातांक. पीएसडीत कुठेही शून्य असेल तर लॉग उणे अनंतात जातो, म्हणून तळाशी टोकापेक्षा फार लहान असा आकडा आधी भरून घ्या. इथे मिळणारी फेज मूळ सिग्नलची नसते, ती फिल्टरची असते. या दोघांची गल्लत मी चांगल्या अनुभवी लोकांकडूनही पाहिलीय.

## (ग) मूळचाच सिग्नल हवा असेल तर

आधी शोधाशोध करा, गणित नंतर. ज्या यंत्राने पीएसडी दिली त्याच्या कार्डवर कच्चे नमुने पुष्कळदा पडलेले असतात. कुणाच्या प्रोग्रॅममध्ये वर्ग करण्याआधीचा संमिश्र एफएफटी साठवलेला असतो. तो मिळाला, विंडो कुठली होती ते कळलं, की काम संपलं.

एका पीएसडीऐवजी एकमेकांवर भरपूर चढलेल्या लहान तुकड्यांच्या परिमाणांची मालिका, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, हाती असेल तर आशा आहे. शेजारचे तुकडे एकमेकांना बांधून ठेवतात, त्यामुळे फेजला फार मोकळीक उरत नाही. ग्रिफिन आणि लिम यांची १९८४ ची पद्धत यासाठीच आहे: कुठल्याही फेजने सुरुवात करा, सिग्नल बनवा, त्याचा स्पेक्ट्रोग्राम काढा, फेज नवी ठेवा, परिमाण दिलेलं परत बसवा, आणि हे पुन्हापुन्हा करत राहा. आवाजासाठी कानाला पटेल इतपत निकाल येतो. पण हरवलेलं चिन्ह कधीच परत येत नाही, कारण सिग्नल आणि त्याचा उलट्या चिन्हाचा जुळा, दोघांचा स्पेक्ट्रोग्राम एकच असतो. बार्ज वर गेली होती की खाली, हे तुम्हाला दुसऱ्या कुठल्यातरी नोंदीवरूनच ठरवावं लागेल.